ईम: प्लेग आल्यावर जागेवरच थांबलेलं गाव

शेफिल्डकर

इंग्लंडातल्या ईम गावाबद्दल इथे कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा.

शेफिल्डहून वीसेक किलोमीटरवर, डर्बीशरच्या डोंगराळ भागात हजाराच्या आत वस्तीचं हे खेडं आहे. करड्या दगडाची घरं, एकच मोठा रस्ता, मध्यावर सेंट लॉरेन्सचं चर्च. पूर्वी गाव शिशाच्या खाणींवर आणि मेंढ्यांवर जगायचं. चर्चला लागूनच काही बसकी घरं आहेत आणि त्यांच्यापुढे हिरव्या पाट्या. इंग्लंडात अशा पाटीवर बहुधा 'अमुक साहित्यिक येथे राहत' असं असतं. इथे त्या घरात कोण कोण मेलं त्यांची नावं आहेत, तारखांसकट.

झालं असं. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगचा कहर चालू होता. ईममधल्या अलेक्झांडर हॅडफिल्ड नावाच्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं, म्हणून त्याच्या हाताखालच्या जॉर्ज व्हिकर्सनं ते शेकोटीपुढे वाळत घातलं. त्यात पिसवा होत्या म्हणतात. ७ सप्टेंबर १६६५ ला व्हिकर्सच्या दफनाची नोंद चर्चच्या दप्तरात पडली. मग त्याच घरातला एक मुलगा, मग शेजारी. हिवाळ्यात साथ ओसरली, लोकांना वाटलं सुटलो. १६६६ च्या उन्हाळ्यात ती दुप्पट जोरानं उसळली.

गावचा रेक्टर, म्हणजे चर्चचा मुख्य पाद्री, विल्यम मॉम्पेसन होता अठ्ठावीस वर्षांचा. नवाच आलेला, गावाला फारसा न आवडलेला. गावाचा जीव आधीच्या थॉमस स्टॅन्लीवर. हा स्टॅन्ली प्युरिटन, म्हणजे साध्या, कडक धर्माचरणाच्या पंथाचा. राजेशाही परतल्यावर नव्या धर्मकायद्यापुढे मान तुकवेना, म्हणून त्याचं पद गेलं होतं. म्हणजे दोघं एकमेकांच्या समोरच्या पक्षातले. पण जून १६६६ मध्ये मॉम्पेसन स्टॅन्लीकडे गेला आणि दोघांनी मिळून गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. मेलेल्यांना चर्चच्या आवारात पुरायचं नाही, ज्यानं त्यानं आपल्या परसात नाहीतर शेतात पुरावं. चर्चला कुलूप, प्रार्थना ककलेट डेल्फ नावाच्या घळीत उघड्यावर, प्रत्येक घरानं दुसऱ्यापासून अंतर राखून. आणि गावची शीव कुणी ओलांडायची नाही, आतून नाही, बाहेरूनही नाही.

गावानं ऐकलं!

चॅट्सवर्थचा डेव्हनशरचा अर्ल शिवेवर धान्य-औषधं पोचवायचा. बाकी सामानाचे पैसे गावकरी ठरलेल्या जागी ठेवत. स्टोनी मिडल्टनच्या वाटेवर तो सीमेचा धोंडा अजून आहे. गुडघ्याएवढाही उंच नाही, माथ्यावर सहा खळगे. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी टाकायची, पलीकडच्यांनी सामान ठेवून नाणी न्यायची. साडेतीनशे वर्षांच्या बोटांनी खळग्यांच्या कडा गुळगुळीत झाल्यात. आजही लोक त्यांत सुटे पैसे टाकतात, तळाशी पेनी आणि पावसाचं पाणी असतं.

१ नोव्हेंबर १६६६ ला शेवटचा बळी गेला. मॉम्पेसननं त्याच महिन्यात एका पत्रात हिशेब दिलाय: ७६ घरांत साथ शिरली, २५९ माणसं गेली.

माझ्या मते हे खरंच मोठं काम होतं. पण इंग्लंडातले बरेच जण त्याकडे निव्वळ पर्यटन खात्याची गोष्ट म्हणून बघतात. मंडळींना काय वाटतं?

चिमणराव_२

जबरदस्त. वाचनखूण साठवली. फोटो टाका की राव.

गावगाडा

लेख आवडला. आपल्याकडची रीत नेमकी उलटी होती. पटकी-देवीची साथ आली की मरीआईचा गाडा निघायचा. देवी गाड्यात बसवायची, नैवेद्य, कोंबडं, हलगी, आणि गाडा ओढत नेऊन पुढच्या गावच्या शिवेवर सोडायचा. पुढच्या गावानं तो त्याच्या पुढच्या शिवेवर. आमच्या आजीच्या तोंडी 'मरीआई पुढं धाडली' असंच असायचं. रोग आपल्या गावातून जावा एवढंच. कुठं जावा ते पुढच्यानं बघावं.

आणि इथे एक गाव म्हणतंय की गाडा आमच्या शिवेच्या आतच राहू दे. सलाम.

डॉ_खवचट

सलाम जरा जपून.

प्लेगचा जंतू येरसॅनं १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला. पिसू तो उंदरापासून माणसाकडे नेते हे सिमोंनं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. म्हणजे १६६६ मध्ये मॉम्पेसनला यातलं ओ की ठो माहीत असणं शक्य नव्हतं. त्यानं लोकांना कुठे थांबवलं? ज्या घरांत मेलेले उंदीर आणि भुकेल्या पिसवा, त्याच घरांत. प्लेगमध्ये माणसानं घर सोडावं, घराला चिकटून बसू नये. चार्ल्स क्रेटन या साथींच्या इतिहासकारानं १८९१ मध्येच ईमवर हीच टीका केली होती: लोकांना गावाबाहेर माळावर पांगवलं असतं तर कितीतरी वाचले असते.

आपल्याकडे १८९६ नंतरच्या प्लेगात खेडोपाडी लोकांनी हेच केलं. उंदीर पडू लागले की गाव सोडून शेतात खोपटी बांधायची आणि साथ हटेपर्यंत तिथेच राहायचं. कुणी सांगावं लागलं नाही. सरकारी प्लेग अधिकाऱ्यांनीही पुढे गाव रिकामं करण्याचा उपाय उचलून धरला.

तेव्हा त्याग मोठा, मान्य. उपाय चुकीचा.

शेफिल्डकर

@डॉ_खवचट, मुद्दा बिनतोड वाटतो, पण २०१६ मध्ये दोन संशोधकांनी ईमच्या दप्तरातल्या नोंदी घेऊन संगणकावर साथ उभी करून पाहिली. कोण कुणाच्या घरातलं, कोण केव्हा गेलं, या सगळ्यावरून त्यांचा निष्कर्ष असा की जवळजवळ तीन-चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली, उंदरांकडून थेट उरलेली पाव. एका घरातली माणसं एकामागोमाग गेली ती त्यामुळे. तसं असेल तर उघड्यावर प्रार्थना, अंतर आणि आपापली मढी आपणच पुरणं, या तिन्हींचा उपयोग झालाच असणार. आणि शीव बंद केल्यानं शेफिल्ड, बेकवेल, बक्स्टन या गावांकडे जाणारी वाट तुटली.

माळावर पांगायचं म्हणाल तर काही जण पांगलेही. मॉम्पेसनच्या काळातल्या झोपड्यांचा उल्लेख ऐकलाय.

डॉ_खवचट

गणितं ठीक आहेत, पण त्यात पिसवांचा हिशेब कसा धरायचा? अंगावरच्या पिसूनं बापाकडून पोराकडे रोग नेला तर तो गणितात 'माणसाकडून माणसाला' असाच दिसणार. पिसू काही दप्तरात सही करत नाही. तेव्हा घर सोडा हा सल्ला अजूनही उभा आहे. बाकी अंतर राखण्याबद्दल सहमत.

निर्मळकर

वसईच्या एका पॅरिशमध्ये लहानाचा मोठा झालोय, त्यामुळे दप्तराबद्दल चार शब्द. पॅरिश म्हणजे नुसतं चर्च नव्हे, त्या चर्चच्या हद्दीतली सगळी घरं. त्या हद्दीत जन्मलेल्याचा बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं एकाच वहीत. आमच्याकडेही जुनी माणसं जन्मतारखेचा वाद आला की फादरकडे जाऊन वही उघडायला लावतात. इंग्लंडात ही वही ठेवण्याचा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं १५३८ मध्ये काढला. म्हणून १६६६ मध्ये कुठल्यातरी डोंगरातल्या खाणमजुराच्या तान्ह्या मुलीचंही नाव राहिलं. वरचा तो २०१६ चा अभ्यास या वहीमुळेच जमला. मजा बघा, ज्या उन्हाळ्यात चर्चला कुलूप होतं त्याच उन्हाळ्यात चर्चचं सगळ्यात मोठं काम झालं ते वहीत.

आणि रेक्टरला बायको कशी, असा प्रश्न कुणाला पडायच्या आत: हे अँग्लिकन. त्यांच्यात पाद्री लग्न करतात.

मनवा

त्या बायकोबद्दल कुणीच बोलेना. कॅथरीन मॉम्पेसन. साथ उसळली तेव्हा नवऱ्यानं दोन्ही मुलं गावाबाहेर नातेवाइकांकडे पाठवली. ती मुलांबरोबर गेली नाही, मागे राहिली, आजाऱ्यांच्या घरी जात राहिली आणि २५ ऑगस्ट १६६६ ला गेली. गावात कुणालाही चर्चच्या आवारात पुरायचं नाही असा नियम, पण तिची कबर आवारात आहे! हे कसं?

मुलांचंही तेच. शीव बंद करायला सांगणाऱ्यानं आपली मुलं आधी बाहेर काढली. कायद्यानं गुन्हा नाही, बंदी नंतरची आहे हेही कळतं. पण शेजारच्या खाणमजुराची मुलं कुठे जाणार होती? ज्यांच्याकडे जायला जागा होती ते गेले. उरलेल्यांना 'त्याग' करायला सांगितलं गेलं. डोंगरातल्या माणसाला तेव्हा दुसऱ्या गावानं उभंही केलं नसतं. मग हा निर्णय किती आपखुशीचा आणि किती नाइलाजाचा?

चिमणराव_२

+१ मनवा. हा प्रश्न मलाही पडला होता पण लिहायचा धीर झाला नाही.

शेफिल्डकर

@मनवा, कबरीचं उत्तर माझ्याकडे नाही, रेक्टरच्या बायकोला सवलत मिळाली एवढं उघड दिसतं. ती कबर चर्चच्या दक्षिणेला आहे, टेबलासारखी सपाट शिळा. एका बाजूला पंखांचं वाळूचं घड्याळ, दुसऱ्या बाजूला कवटी. पाऊस खाऊन खडबडीत झालीय, लॅटिन अक्षरं बोट फिरवून वाचावी लागतात. दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, ज्याला इथे प्लेग संडे म्हणतात, तिच्यावर लाल गुलाबांचं चक्र ठेवतात.

बाकी वर्गाचा मुद्दा खराच. पण एक सांगतो, मॉम्पेसन स्वतः मात्र शेवटपर्यंत थांबला. १६६९ मध्ये त्याची नॉटिंगहमशरमधल्या ईकरिंगला बदली झाली तेव्हा तिथले लोक त्याला गावात घेईनात, प्लेगवाला आला म्हणून. सांगतात की भीती जाईपर्यंत तो जवळच्या रफर्ड पार्कात एका झोपडीत राहिला आणि झाडाखाली उभं राहून उपदेश करायचा.

डॉ_खवचट

म्हणजे शेवटी माळावरची झोपडी वाट्याला आलीच. फक्त दोन-तीन वर्षं उशिरा आणि एकट्याला.

अनघा_क

डॉक्टर 😀

मला मॉम्पेसनपेक्षा एलिझाबेथ हॅन्कॉक जास्त आठवते. गावाबाहेर उतारावर रायली नावाच्या शेतावर राहायची. ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं. शेजारी यायला तयार नाहीत, म्हणून तिनं प्रत्येकाला स्वतः ओढत नेऊन घराजवळच्या शेतात पुरलं. त्या सात कबरींभोवती आता गोल दगडी कठडा आहे, नॅशनल ट्रस्ट त्याची देखभाल करतो. खालच्या रस्त्यावरून चढ चढून जावं लागतं, आजूबाजूला मेंढ्या चरतात. ती वाचली. मोठा मुलगा शेफिल्डला काम शिकायला उमेदवारी करत होता, त्याच्याकडे गेली. गावात वीराचा पुतळा बसवायचा झाला तर मी हिचा बसवीन.

आणि त्या चर्चच्या भिंतीवर जी चित्रं आहेत ती कुणी पाहिली का? इस्राएलच्या बारा वंशांची चिन्हं. चुन्याच्या थरांखाली दबली होती, १९६० च्या दशकात सापडली.

पुणेरी_पाटी

मूळ धाग्यात पुण्याचा प्लेग येणार हे दिसतच होतं, आला नाही म्हणून मीच आणतो.

४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा. रँडची नेमणूक. गोरे सोजीर घरात घुसून झडती घेतात, माणसं उचलून सेग्रिगेशन छावणीत, सामान रस्त्यावर, देवघरापर्यंत बूट. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची सेवा करताना प्लेग होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या.

रोगापासून अंतर राखणं हाच दोन्हीकडचा उद्देश. ईममध्ये तो गावच्याच दोन पाद्र्यांनी घळीत उभं राहून समजावला, आणि त्यातला एक गावानं आधीच आपला मानलेला होता. पुण्यात तो बंदुकीनं आला. मनवाताई म्हणतात तसं 'आपखुशी' नसेलही, पण विश्वास होता. मॉम्पेसन एकटा असता तर गावानं त्याला हुसकावून लावलं असतं असं माझं मत. स्टॅन्लीचं नाव गोष्टीत नेहमी दुसरं येतं, यायला पहिलं हवं.

यॉर्कर

सगळे गंभीर झालेत, म्हणून अवांतर. त्याच आवारात हॅरी बॅगशॉ नावाच्या क्रिकेटपटूची कबर आहे. डर्बीशर काउंटीकडून खेळायचा, पुढे पंच झाला, १९२७ मध्ये गेला. त्याच्या दगडावर कोरलंय काय? त्रिफळा उडालाय, बेल्स हवेत, आणि वरती पंचाचं बोट आकाशाकडे. आउट! आख्ख्या इंग्लंडात इतकी प्रामाणिक कबर दुसरी नसेल.

निर्मळकर

वा यॉर्करभाऊ. आणि त्याच आवारातला सॅक्सन क्रूस राहिला की. आठव्या-नवव्या शतकातला, म्हणजे प्लेगच्याही आठशे वर्षं आधीचा. अंगभर वेलबुट्टी, वरच्या भागात देवदूत. मधला दांडा तुटून गेलाय, म्हणून मान नसल्यासारखा ठेंगणा दिसतो. इंग्लंडातल्या बहुतेक जुन्या क्रुसांची डोकी गेली, याचं डोकं राहिलं.

गावगाडा

एक शंका. या सगळ्यातलं किती त्या वेळचं आणि किती नंतर रंगवलेलं? ती प्रेमकथाही वाचली, एमट सिडॉल आणि शेजारच्या गावचा रोलंड, दोघं लांबून एकमेकांना बघायचे वगैरे. फारच बेतीव वाटते.

शेफिल्डकर

शंका रास्त. त्या वेळचा पुरावा म्हणजे दप्तर आणि मॉम्पेसनची मोजकी पत्रं. बाकी बरंच नंतरचं. अॅना सिवर्ड ही कवयित्री १७४२ मध्ये ईमला जन्मली, तिचे वडील तिथले रेक्टर. तिनं अठराव्या शतकात ही हकिकत बाहेरच्या जगात नेली. मग गावातल्याच विल्यम वुडनं १८४२ मध्ये गावचा इतिहास छापला, त्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी भरपूर. मार्शल हाऊ नावाचा माणूस प्लेगातून बरा झाला आणि कुणाच्या घरी मढं पडलं की पुरायला जायचा, मोबदला म्हणून मेलेल्याचं सामान उचलायचा. एकदा खड्डा खणून झाल्यावर 'मढं' उठून प्यायला मागू लागलं, हेही त्यातलंच. १८६६ मध्ये दोनशे वर्षं झाली तेव्हा स्मरणाची प्रार्थना झाली, त्यातून प्लेग संडे रुजला. चर्चमधली प्लेगची रंगीत काचेची खिडकी तर १९८५ ची.

एमट २९ एप्रिल १६६६ ला गेली ही नोंद आहे. रोलंडची वाट बघण्याची नोंद कुठे ठेवणार?

पण मनवाचा प्रश्न राहतोच. लोकांनी शीव किती पाळली याचा पुरावा पत्रांत नाही, तो दप्तरात आडून दिसतो: आजूबाजूच्या गावांत ईमहून साथ पसरली नाही. ७६ घरांपैकी एकानंही रात्री डोंगर ओलांडला नसेल असं मी म्हणत नाही. बहुतेकांनी ओलांडला नाही.

मनवा

हे पटतं. 'सगळे धीरोदात्त' पेक्षा 'बहुतेक थांबले' हे मला जास्त मोठं वाटतं. मुलांबद्दलचा राग मात्र कायम.

कोल्हापुरी_चप्पल

ऑगस्टमध्ये मँचेस्टरला लेकीकडे जातेय. जाण्यासारखं आहे का? चालायला गुडघा साथ देत नाही.

शेफिल्डकर

जरूर जा ताई. चर्च, पाट्या लावलेली घरं आणि छोटं संग्रहालय सगळं जवळजवळ आहे, चढ नाही. संग्रहालयासमोर गाडी लावायला जागा आहे. सीमेचा धोंडा आणि रायली कबरी मात्र चालतच, गुडघ्याला झेपणार नाहीत. चर्चमध्ये मॉम्पेसनची म्हणतात ती खुर्ची आणि प्लेगच्या नावांची वही बघायला विसरू नका.

ऑगस्टअखेर गेलात तर विहिरींची सजावट बघायला मिळेल. डर्बीशरची खास रीत: लाकडी फळ्यांवर ओली माती थापतात आणि फुलांची एकेक पाकळी, पानं, बिया दाबून चित्र भरतात. आपली रांगोळी उभी केल्यासारखी. पण प्लेग संडेलाच जायचं असेल तर लवकर निघा, लोक चर्चपासून ककलेट डेल्फपर्यंत मिरवणुकीनं जातात आणि रस्ता बंद होतो.

कोल्हापुरी_चप्पल

आभार. जावई क्रिकेटवेडा आहे, त्याला त्या त्रिफळ्याच्या कबरीचं सांगितलं तर गाडी तोच काढेल.

डॉ_खवचट

जाताना घरातले उंदीर बघून जा.